मासेमार आणि त्याच्या बायकोची गोष्ट मालवणात आणतेय, चित्रपुस्तकासाठी सल्ला हवाय

आबोली_मालवण

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण मिळून पाच ते आठ वर्षांच्या पोरांसाठी एक चित्रपुस्तक करतोय, शब्द माझे आणि चित्रं तिची. गोष्ट जुनीच घेतलीय, ग्रिम बंधूंच्या संग्रहातली मासेमार आणि त्याच्या बायकोची. आठवत नसेल तर थोडक्यात सांगते. गरीब मासेमाराच्या गळाला एक बोलणारा मासा लागतो, तो म्हणतो मी खरा राजपुत्र आहे मला सोड, हा सोडून देतो, घरी आल्यावर बायको म्हणते अरे मग काहीतरी मागायचंस ना, आणि तिथून त्याच्या समुद्रावर फेऱ्या सुरू होतात. आधी झोपडीच्या जागी नीटनेटकं घर, मग दगडी वाडा, मग तिला राजा व्हायचंय, मग सम्राट, मग पोप, आणि शेवटी सूर्य-चंद्र माझ्या हुकमाने उगवले पाहिजेत म्हणून थेट देवच व्हायचंय. त्यावर मासा सांगतो, जा घरी, ती परत झोपडीत बसलीय. संपली गोष्ट.

आम्ही ही देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात आणतोय. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये ती चिंचोळी वाळूची पट्टी आणि माड, चित्रासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. पण काम सुरू केल्यावर प्रश्नच प्रश्न उभे राहिलेत. एक म्हणजे बायको. हावरट बायको आणि बिचारा नवरा हे आजच्या मुलींना वाचून दाखवायचं म्हणजे मला आतून नको वाटतं, मैत्रीण म्हणते उलट कर, नवऱ्याला हावरट कर. दुसरं म्हणजे पोप, त्याचं इथे काय करायचं? तिसरं, मासा कुठला? तिने पहिल्या चित्रात सुरमई काढलीय, दिसायला झकास आहे पण मला काहीतरी खटकतंय. भाषा प्रमाण ठेवू की मालवणी? आणि पानं किती असतात अशा पुस्तकांना, आम्हाला दोघींनाही छपाईतलं काही कळत नाही. शिवाय अशी जुनी गोष्ट घ्यायला कोणाची परवानगी लागते का तेही सांगा. प्रश्न खूप झाले पण जमेल तसं, जमेल तेवढं लिहा.

निळा_कागद

आबोलीताई, मी रत्नागिरीत राहतो आणि पुस्तकांसाठी चित्रं काढतो म्हणून आधी चित्रांचंच बोलतो. तुम्ही निवडलेली गोष्ट मुळात एका चित्रकाराने लिहिलेली आहे हे माहितीय का? फिलिप ओटो रुंग नावाचा जर्मन चित्रकार, बाल्टिक समुद्राकाठच्या वोल्गास्ट गावचा. त्याने १८०६ मध्ये ती तिकडच्या बोलीत लिहून पाठवली, फिरत फिरत ग्रिम बंधूंकडे पोचली आणि १८१२ च्या त्यांच्या पहिल्या खंडात बोलीतच छापली गेली, एकोणीस नंबरची गोष्ट. ह्याच माणसाने पुढे १८१० मध्ये सगळे रंग एका गोलावर कसे बसतात त्यावर पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी गेला बिचारा, अवघा ३३ वर्षांचा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की गोष्ट नीट वाचलीत तर तिच्यात समुद्राचा रंग दर फेरीला बदलतो. सुरुवातीला पाणी तळ दिसेल इतकं नितळ. पहिलं मागणं घेऊन तो जातो तेव्हा हिरवट-पिवळं झालेलं. मग जांभळं, गडद निळं, राखाडी आणि दाट, पण अजून शांत. मग काळपट राखाडी, खालून ढवळून येणारं आणि कुजका वास मारणारं. मग काळंकुट्ट आणि उकळी फुटल्यासारखं. मग वादळ, जहाजं संकटात, आभाळ मधोमध जरासं निळं आणि कडांना लाल. आणि शेवटी घरं-झाडं कोसळतायत आणि लाटा डोंगराएवढ्या, वर पांढरा फेस. मासा एकदाही रागावून बोलत नाही, दर वेळी म्हणतो जा, झालं तिचं काम. राग सगळा पाण्यात. म्हणजे बघा, शब्दांनी एक सांगायचं आणि चित्राने दुसरं, हे चित्रपुस्तकाचं खरं काम या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय! माझं तर ठाम मत आहे की ह्या पुस्तकात मुख्य पात्र समुद्र धरा, बाकी सगळं त्याच्या मागे. आणि मजकुरात समुद्राबद्दल एक अक्षर लिहू नका, पोरांना स्वतःला दिसू दे.

अजून एक, आपल्याकडे हे रंग खोटे पाडावे लागत नाहीत. तारकर्लीला थंडीत पाणी काचेसारखं असतं, मार्च-एप्रिलला ती हिरवट झाक येते, मे अखेरीला पश्चिमेला काळं भरून यायला लागतं आणि पहिल्या मोठ्या पावसात खाडीतून तांबडी माती उतरली की किनाऱ्याचं पाणी पार गढूळ. मग गोष्ट दिवाळीनंतर सुरू करा आणि मृगात संपवा. प्रत्येक मागण्याला एक ऋतू पुढे. जूनमध्ये होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदच असते, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांना तो किनाऱ्यावर एकटाच उभा, समोर एकही होडी नाही. चित्र आपोआप भयाण होतं.

माशाचं म्हणाल तर मूळ गोष्टीत चपटा मासा आहे, तळाच्या वाळूत पडून राहणारा. आपल्याकडे त्या जातीतला मोठा म्हणजे भाकस, आणि लहान तो लेपो. ह्या माशांचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, पिल्लू असताना मात्र दोन बाजूंना दोन, इतर माशांसारखे, आणि वाढता वाढता एक डोळा सरकत पलीकडे जातो. ज्याचा चेहराच असा सरकलाय तो म्हणाला मी मुळात वेगळा कोणीतरी आहे, तर पोरांना लगेच पटेल. सुरमई सुंदर आहे पण ती वरच्या पाण्यातली, भरधाव पोहणारी. हा मासा गप्प, खाली पडून वर बघणारा हवा.

रापणकाठी

निळा_कागद यांनी माशाचं एकदम बरोबर सांगितलं. लेपोच घ्या. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात त्या मोठ्या जाळ्यात, सगळ्यात शेवटी वाळूला चिकटलेला निघतो, कोणाचं लक्ष पण नसतं त्याच्याकडे, आणि तोच बोलायला लागला तर मजा.

आता बायकोचं. मी मासेमारांच्या घरातलीच, आमच्यात पुरुष मासे आणतात आणि बाजारात बसून विकतात त्या बायका, बर्फाचे पैसे, उधारी, पोरांची फी, घराची डागडुजी सगळा हिशेब बाईच्या डोक्यात. त्यामुळे फुकट सोडलेल्या माशाबद्दल "काय मागितलंस?" हे तिने विचारणं मला अजिबात हावरटपणा वाटत नाही, घर चालवणारी कोणीही तेच विचारेल. तुमच्या मैत्रिणीला सांगा उलट करू नका. नवऱ्याला हावरट केलंत तर फक्त शिव्या खाणारा बदलला, गोष्ट तीच राहिली. त्यापेक्षा तिला कारण द्या. झापांची, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांची खोप आहे, दर वर्षी मिरगाच्या आधी नवीन झापं विणून शाकारायची, तरी पावसात चार ठिकाणी गळतं, भांडी मांडून ठेवायची, पोर कुठल्या कोपऱ्यात कोरडं झोपवायचं ते बघायचं. हे पहिल्याच चित्रात दाखवलंत की चिऱ्याचं कौलारू घर मागणारी ती बाई बरोबरच आहे. आपण सगळे तिच्या बाजूने असतो. मग कुठल्या पानावर आपण तिच्या बाजूचे उरत नाही हे प्रत्येक पोर आपलं आपण ठरवेल, कोणी वाड्यापाशी थांबेल कोणी राणीपाशी. हे ठरवायचा हक्क पोरांचा आहे, आपण सांगू नये.

आणि नवरा बिचारा वगैरे काही नाही हो. त्याला दर वेळी मनातून माहीत असतं हे चुकतंय, तरी जातो, हाक मारतो, मागतो, आणि मिळालेल्या वाड्यात राहतो पण. कधी ठामपणे नाही म्हणत नाही. त्याच्या अंगावरचे कपडे पण तिच्याबरोबर बदलताना दाखवा म्हणजे झालं.

पोप काढून टाका. त्या जागी इथलं देवळाचं किंवा चर्चचं कोणी आणायला जाऊ नका, लोक गोष्ट सोडून त्यावरच भांडत बसतील. शेवटच्या मागण्याबद्दल मला वेगळं म्हणायचंय. रशियन कवी पुश्किन याने १८३३ मध्ये ह्याच गोष्टीचं कवितेत रूप केलं, त्याच्यात सोन्याची मासोळी आहे, आणि शेवटी म्हातारीला देव नाही व्हायचं, तिला समुद्राची मालकीण व्हायचंय आणि ती मासोळी तिची चाकर पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसाला हे मागणं जास्त लागतं. आम्ही नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो, हात जोडतो, मग होडी पाण्यात. त्याच्यावर मालकी सांगायची हे कोणाच्या तोंडून निघणार नाही. ते तिने म्हटलं की आमच्याकडची चार वर्षांची पोर पण म्हणेल, आता काय खरं नाही.

निळा_कागद

रापणकाठी, तुमचं शेवटचं वाचून पटलंय पण थोडं अडतंय. सूर्य-चंद्राचं मागणं गेलं तर एक फार देखणं चित्र जातं. मूळ गोष्टीत तिला रात्रभर झोप नाही, अजून काय मागू ह्या विचाराने तळमळत असते, आणि खिडकीतून सूर्य वर येताना दिसतो तेव्हा तिला सुचतं की हा माझ्या परवानगीशिवाय कसा उगवतो. लहान मुलाला तो हट्ट ओळखीचा असतो. देव शब्द नको असेल तर नको, पण ती खिडकी सोडू नका.

रापणकाठी

मग खिडकी ठेवा आणि तिच्यातून समुद्र दिसू दे. मात्र आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो सह्याद्रीकडून, तेवढं चित्र काढणारीला सांगा. संध्याकाळ करा म्हणजे जमेल. ती म्हणेल मी सांगितल्याशिवाय हा बुडाला कसा, आणि ह्या समुद्राने त्याला घेतला कसा.

निळा_कागद

हे फारच भारी! संध्याकाळच करा आबोलीताई.

गुहागरचा_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. भाषेबद्दल माझं म्हणणं असं की निवेदन साधं, बोलल्यासारखं मराठी ठेवा आणि नवरा-बायकोचे संवाद व माशाला मारायची हाक मालवणीत. वर निळा_कागद यांनी लिहिलंच आहे की मूळ गोष्ट छापतानाच बोलीत होती, तेव्हा मालवणी आणली म्हणून गोष्टीचं काही बिघडत नाही, उलट ती तिच्या मूळ चालीवर जाते. फक्त आमच्या गुहागरकडची किंवा घाटावरची मुलं पण वाचणार, म्हणून मालवणी वाक्य लहान आणि चित्रावरून अर्थ लागेल असं असावं, खाली तळटीपा नकोत, तळटीप दिसली की वाचून दाखवणारा अडखळतो.

खरी ताकद त्या हाकेत आहे. मूळ गोष्टीत मासेमार दर वेळी तीच चार ओळींची हाक मारतो. वर्गात अशी ओळ दुसऱ्यांदा आली की पोरं तोंड उघडायला लागतात आणि तिसऱ्यांदा मला वाचावीच लागत नाही. मी सहज एक करून बघितली, मालवणी माझी घरची नाही, आईच्या माहेरची, तेव्हा रापणकाठी ताईंनी दुरुस्त करावी:

लेप्या लेप्या, वयर ये रे,
माजा म्हणणा आयकान घे रे,
बायल माजी आयकना नाय,
आता तिका होया काय?

ओळी बदलू नका, एकही शब्द नाही. बदलायचा तो अक्षरांचा आकार. पहिल्या फेरीला मोठी ठसठशीत अक्षरं, समुद्र वाढत जाईल तशी हाक लहान होत जाऊ दे आणि शेवटच्या वादळात ती कुठेतरी लाटेखाली शोधावी लागेल अशी. पोरं शोधतात, आणि शोधल्यावर ती ओरडून वाचतात, कारण वादळात ओरडावंच लागतं ना.

आणि कळकळीने सांगतो, शेवटच्या पानावर तात्पर्य छापू नका. पालक मागतील, कोणी प्रकाशक पण म्हणेल की "म्हणून मुलांनो" असं एक वाक्य असूद्या. ते वाक्य आलं की मूल पुस्तक मिटतं. नसेल तर प्रश्न विचारतं. मासा देतच का होता, पहिलंच घर ठेवलं असतं तर, आता ती दोघं काय करत असतील, असल्या प्रश्नांवर आमचा अख्खा तास जातो आणि तो माझ्या मते आठवड्यातला सगळ्यात चांगला तास असतो.

रापणकाठी

मास्तर, हाक चांगली झालीय, चालीत बसते. काही बदलू नका.

खिळेजुळारी

कुडाळ. छापखान्यात आयुष्य गेलं, खिळे जुळवण्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं केलंय, तर पानांचं मी सांगतो. चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात त्याला कारण छपाईचं आहे, मोठा कागद छापून घडी घालून कापला की १६ पानांचा फर्मा होतो, दोन फर्म्यात ३२. चोवीसही चालतात. पण तुमची गोष्ट ३२ मागते, मी कागदावर मांडून बघितलं. पान १ वर नाव, २-३ वर प्रकाशनाची माहिती आणि अर्पणपत्रिका, मग ४-५ पासून ३०-३१ पर्यंत समोरासमोरच्या १४ जोड्या मिळतात आणि ३२ वं पान एकटं. आता खोप, मासा लागणं, घरी येऊन बोलणं ह्या तीन जोड्या. घर, वाडा, राणी, सम्राज्ञी ही चार मागणी, प्रत्येकाला एक जोडी समुद्राची आणि एक मिळालेल्या वैभवाची, ह्या आठ झाल्या. उरल्या तीन, त्यात ती संध्याकाळची खिडकी, वादळ, आणि परत खोप. चौदा बरोबर भरतात. पोप ठेवला असता तर दोन जोड्या कमी पडल्या असत्या, म्हणजे ताईंनी सांगितलं ते छपाईच्या हिशेबाने पण बरोबर आहे.

समुद्र दोन्ही पानांवर पसरून काढा पण मधल्या घडीत मासेमाराचा चेहरा किंवा मासा येऊ देऊ नका, गिळला जातो. ३२ पानांना मधे पिन मारली तर पुस्तक पूर्ण उघडतं, चिकटवलेल्या बांधणीत मधला भाग आत जातो, मग तुमच्या लाटा तुटणार. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर चित्र जास्त सोडा, कापताना लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निळा-हिरवा रंग स्क्रीनवर जेवढा झगझगीत दिसतो तेवढा चार शाईंच्या छपाईत येत नाही, मंदावतो. तुमचं पुस्तकच समुद्राच्या रंगावर उभं आहे, तेव्हा सगळी चित्रं रंगवून होईपर्यंत थांबू नका. नितळ, हिरवट, काळा असे तीन समुद्र आधी रंगवा, ज्या कागदावर पुस्तक येणार त्याच कागदावर प्रूफ काढून घ्या, मग पुढे जा. एकदा कोणाचं तरी पुस्तक माझ्यासमोर राखाडी होऊन निघालंय, चित्रकाराचा चेहरा बघवत नव्हता.

मास्तरांची लहान अक्षरांची कल्पना छान आहे पण काळ्या लाटेवर पांढरी बारीक देवनागरी छापली की शाई पसरून मात्रा आणि अनुस्वार बुजतात. जाड वळणाचा फाँट घ्या, ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त आणि बलू हे दोन्ही फुकट आहेत आणि पुस्तकात वापरायला परवानगी आहे. ओळींमध्ये अंतर भरपूर, वेलांट्या-उकार एकमेकांत अडकता कामा नयेत.

हक्कांचं सोपं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ग्रिम बंधू १८५९ आणि १८६३ ला गेले, रुंग आणि पुश्किन त्याच्याही आधी, गोष्ट सगळ्यांची आहे. पण कोणाचा मराठी अनुवाद समोर ठेवून त्यातली वाक्यं उचलू नका, तो अनुवाद त्या अनुवादकाचा, आणि चित्रं त्या चित्रकाराची. तुम्ही दोघी मैत्रिणी आहात तरी चित्रांचे हक्क कोणाचे, मूळ चित्रं कोणाकडे राहणार, पैसे कसे वाटायचे हे आजच कागदावर लिहून सह्या करा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि मालवणात आहात तर एकदा कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन या. ठाकर समाजाची चित्रकथी बघा, एकेक चित्र पुढे धरायचं, गायचं, सांगायचं, मग पुढचं चित्र. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे बसून बघितलंत की चित्र बदलायचा क्षण कुठला हे कळेल, पुस्तकात पान उलटायचा क्षण तोच. मात्र ती शैली घरी येऊन नक्कल करू नका. तशीच चित्रं पाहिजे असतील तर तिथल्या कलाकाराला काम द्या, योग्य पैसे द्या आणि मुखपृष्ठावर नाव छापा.

आबोली_मालवण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मैत्रिणीला सगळं वाचून दाखवलं. सुरमई गेली, लेपो आला, तिने लगेच बाजारातून आणून डोळे बघून काढला पण. बायको बायकोच राहणार आणि पहिल्या चित्रात खोपीत भांडी मांडलेली, पोर कोपऱ्यात. पोप नाही. संध्याकाळची खिडकी आणि समुद्राची मालकीण हे नक्की. दिवाळी ते मृग हेही नक्की, मजकुरात समुद्राचं नाव फक्त हाकेच्या वेळी तो "दर्यावर गेलो" एवढंच येईल. मास्तर, तुमची हाक वापरू का, पुस्तकात तुमचं नाव टाकून?

एका गोष्टीवर मात्र आमचं दोघींचं अजून एकमत नाहीये. ३२ वं एकटं पान. ती म्हणते तिथे फक्त मासा, परत वाळूत. मी म्हणते ती दोघं खोपीवर नवीन झापं बांधतायत, दोघं मिळून, कारण पाऊस तर थांबणार नाही. मूळ गोष्टीत ती अजून तिथेच बसून आहेत असं म्हटलंय पण आमच्याकडे मृगात नुसतं बसून कोण राहतं?

गुहागरचा_मास्तर

हाक खुशाल घ्या, नाव टाकलंत तर शाळेचं नको, माझंच टाका. शेवटच्या पानाला झापं. मासा पोरांनी आधी बघितलाय, दोघं एकत्र काम करताना मात्र अख्ख्या पुस्तकात एकदाही दिसलेली नाहीत.

रापणकाठी

झापंच. पण मैत्रिणीला सांग आधी येऊन बघून जा, झापं खालून वर बांधत न्यायची, वरचं झाप खालच्यावर चढलं पाहिजे, बऱ्याच चित्रांत उलटं काढतात आणि मग पाणी सरळ आत. आमच्या मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, मे च्या तिसऱ्या आठवड्यात काम निघेल, त्या वेळी तिला स्केचबुक घेऊन पाठव.